सील शाबूत

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला माझी गाडी टेबलावर उताणी पडलेली असते आणि आमचे तपासनीस डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून तिच्या पोटात बघत असतात. बघायचं काय, तर एक ठिपका. नारिंगी, तिळाएवढा. मोटरची पत्र्याची डबी जिथे प्लास्टिकच्या झाकणावर दुमडून बसवलेली असते, बरोबर त्या सांध्यावर. अर्धा पत्र्यावर, अर्धा प्लास्टिकवर. ठिपक्याला तडा नसला की भिंग खाली येतं, "फाइन" असा घशातल्या घशात आवाज निघतो आणि माझी गाडी बाकीच्यांच्या रांगेत जाऊन बसते. जेमतेम दहा सेकंदांचं काम. पण तेवढ्या वेळात मी, काहीही केलेलं नसताना, विमानतळावरच्या कस्टमवाल्यासमोर लोणच्याची बरणी घेऊन उभं राहिल्यासारखा उभा असतो.

पन्नाशी उलटलेल्या माणसाने खेळण्यातल्या गाडीसाठी एवढं कासावीस व्हावं हे बायकोला पटत नाही. मलाही बाकीचे सहा दिवस पटत नाही.

इंग्लंडच्या मधल्या भागातल्या आमच्या गावात एका जुन्या हॉलच्या वरच्या मजल्यावर हा क्लब भरतो. खेळ स्लॉट कारचा. लहानपणी पुण्यात मी हे खेळणं पाहिलंसुद्धा नव्हतं, त्यामुळे न पाहिलेल्यांसाठी सांगतो. लाकडी ट्रॅकवर प्रत्येक गाडीसाठी एक खाच कोरलेली असते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी. गाडीच्या नाकाखालचं पातं त्या खाचेत बसतं, पात्याशेजारच्या तांब्याच्या दोन वेण्या पट्ट्यांवर घासत वीज उचलतात. हातातला चाप दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. स्टिअरिंग नाही, गिअर नाही. आता यात कसलं कौशल्य, असं मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं; मग माझी गाडी पहिल्याच वळणावर उडून एका आजोबांच्या चहात पडली. हे सगळं फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रज कारखानदारापासून सुरू झालं. 1952मध्ये त्याने 'स्केलेक्स' नावाच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारी काढल्या. नंतर त्यांत विजेची मोटर घातली आणि 1957च्या हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' मांडलं. स्केलेक्स अधिक इलेक्ट्रिक. नाव ठेवायला त्याला फार विचार करावा लागला नसणार.

माझा जीव मात्र गाडीपेक्षा मोटरीत. 25 मिलिमीटर लांब, 20 रुंद, 15 जाड. आगपेटी निम्मी कापली तर होईल तेवढी. 12 व्होल्टवर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे, म्हणजे आपल्या ओट्यावरचा मिक्सर तिसऱ्या खटक्यावर जेवढा फिरतो तेवढे. आत दोन फेराइटचे मॅग्नेट, मधे तीन ध्रुवांचं आर्मेचर, म्हणजे फिरणारा गाभा, त्यावर वार्निशची तार, टोकाला तीन फाकांचा कम्युटेटर आणि त्यावर टेकून वीज आत पोचवणारे दोन कार्बन. डबीच्या कडेचे पत्र्याचे दोन कान आत दाबून झाकण अडकवलेलं. बारीक स्क्रूड्रायव्हरने ते उचकटले की मोटर उघडली.

उघडली की काय काय करता येतं! आर्मेचरवरची तार काढून जरा जाड तार कमी वेढ्यांत भरायची: रोध घटतो, करंट वाढतो, मोटर सुटते. आपल्याकडच्या कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. कम्युटेटर दांड्यावर काही अंश फिरवून बसवायचा. मॅग्नेटच्या पाठीमागे पातळ पत्रा सरकवून त्यांना आर्मेचरच्या आणखी जवळ आणायचं. आर्मेचर तराजूत तोलून जड बाजू कणभर घासायची. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. गाडी तीच, रंग तोच, मोटरीवरचं लेबल तेच, आणि सरळ पट्टीवर ती तुमच्या शेजारून अशी निघून जाते की तुमचं अंगठ्यावरचं लक्षच उडतं.

या सगळ्या उद्योगात गंमत आहे, नाही असं नाही. खुल्या वर्गात हे करायची मुभाच असते आणि तिथले कारागीर खरोखर थोर. पण अमेरिकेत साठच्या दशकात गावोगाव आठ-आठ पदरी भाड्याचे ट्रॅक निघाले, दुपारच्या वेळी पोरांनी भरले आणि दशक सरता सरता धडाधड बंद पडले. त्याची कारणं बरीच सांगतात. त्यातलं एक असं की दुकानातून घेतलेली मोटर लावून आलेल्या पोराला हाताने गुंडाळलेल्या मोटरींसमोर काही आशाच उरली नाही. दोन शनिवार हरलं, तिसऱ्या शनिवारी आलं नाही. म्हणून मग सीलबंद मोटरींचा वर्ग. कारखान्यातून जशी आली तशी वापरा, उघडू नका. आणि उघडली नाही हे दाखवायला तो ठिपका.

ठिपक्याचा रंग मुद्दाम ठिसूळ असतो. चांगल्या रंगाने ताणलं तर ताणावं. या रंगाने तुटावं. काही ठिकाणी स्टिकर लावतात. त्याचा कागद अंड्याच्या टरफलासारखा, सोलायला गेलं तर चुरा होतो. किंवा निघतो अख्खा, पण मागे अक्षरं सोडून जातो. नखाने काढता येईल एवढीच या सगळ्यांची ताकद. चोराला अडवायचं काम त्यांच्याकडे दिलेलंच नाही. येऊन गेल्याचं सांगायचं, एवढंच. आपण 'शिक्कामोर्तब' हा शब्द इतक्या सहज वापरतो की त्यातले दोन तुकडे वेगळे आहेत हे विसरतो. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब मजकूर संपतो तिथे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी मोर्तब असायचं, 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा आली. याखाली कुणी एक ओळ वाढवली तर ती आमची नव्हे. कामात तो आमचा नारिंगी ठिपकाच, संस्कृत मात्र चांगलं.

सील या वस्तूशी माझी ओळख क्लबातली नाही. अण्णांचं नाना पेठेत रिक्षाच्या मीटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक बाक आणि बाकावर पोट उघडून पडलेली मीटरं. ती जुनी यांत्रिक मीटरं. बाहेरचा झेंडा खाली पाडला की आत खडखड सुरू. पोटात पितळेची दातेरी चक्रं, आणि चाकाकडून येणारी केबल त्यांना फिरवायची. मीटरवर आकडा एक दिसायचा, भाडं खिशातल्या कार्डावर बघून दुसरंच द्यायचं, आणि या दोहोंच्या मधे पुण्यातली निम्मी भांडणं व्हायची.

दुरुस्त झालेलं मीटर थेट रिक्षाला चढत नसे. आधी वजनमापाच्या साहेबांकडे. तिथे तपासणी, मग झाकणाच्या स्क्रूमधून ओवलेली तार, तारेच्या दोन टोकांवर शिशाची गोळी आणि त्या गोळीवर पकडीचा चावा. पकडीच्या जबड्यात साचा असायचा, त्यामुळे शिशावर शिक्का उठायचा. वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि तिमाहीचं अक्षर. ए, बी, सी किंवा डी. अण्णांकडे उघडण्याचा परवाना होता, बंद करण्याचा नव्हता. मला लहानपणी हा अपमान वाटायचा. एवढं मीटर ज्याने जुळवलं त्याच्या शब्दाला किंमत नाही आणि पकड चालवणाऱ्याच्या चिमटीला आहे! अण्णांना त्यात काही वावगं वाटत नसे. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तपासला तर कसं, एवढंच म्हणायचे आणि पुढचं मीटर ओढायचे.

एकदा एक गृहस्थ तावातावाने दुकानात आले होते. सोबत रिक्षावाला. स्टेशनपासून घरापर्यंत रोजच्यापेक्षा आकडा जास्त पडला, मीटरमध्ये गडबड आहे, उघडा. अण्णांनी आधी गोळी बघितली. तार अखंड, शिक्का स्वच्छ. मग मीटरला हातही न लावता ते बाहेर गेले आणि रिक्षाच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायर तुळतुळीत. हवाही कमी.

परत येऊन त्यांनी हिशोब सांगितला तो मला अजून पाठ आहे. मीटर अंतर मोजतच नाही, ते चाकाचे फेरे मोजतं आणि त्यालाच अंतर समजतं. चाक चाळीस सेंटिमीटर व्यासाचं धरा. रबर झिजून व्यास सेंटिमीटरभर कमी झाला, तर तेवढ्याच रस्त्याला फेरे अडीच टक्के जास्त. मीटर बिचारं खरंच बोलतंय. सीलही खरंच बोलतंय. "सीलाला इतकंच ठाऊक की आत कुणी आलं नाही," अण्णा म्हणाले, "चाकाचं त्याला काय विचारता?" रिक्षावाल्याने हे मुद्दाम केलं होतं की टायर घ्यायला पैसे नव्हते, हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही. मला वाटतं दुसरंच खरं असावं.

ते चाक मला क्लबात पहिल्याच वर्षी पुन्हा भेटलं. मोटर न उघडता तिच्या मॅग्नेटला बाहेरून जोर देता येतो. जोरदार चुंबकीय ठोका देणाऱ्या यंत्राच्या जबड्यात अख्खी मोटर ठेवायची, बटण दाबायचं, झालं. ढिले मॅग्नेट ताजे. ब्रेक कडक लागतो, वळणातून बाहेर पडताना गाडी हिसडा मारून निघते. उलट कुणाला नुसता वेगच हवा असेल तर तो मॅग्नेट मुद्दाम ढिले करेल. ऐकायला उफराटं वाटतं. पण चुंबक कमजोर झाला की मोटरीला तेवढ्याच व्होल्टला जास्त फेरे मारावे लागतात. ताकद जाते, फेरे वाढतात. लांबच लांब सरळ पट्टीच्या ट्रॅकवर हा सौदा परवडतो. दोन्हींत नारिंगी ठिपक्याला ओरखडासुद्धा नाही. आमच्याकडे हे निषिद्ध आहे. पकडणार कोण, ते विचारू नका.

पाण्यात चालवणं मात्र चालतं. नवीन मोटर पाण्याच्या पेल्यात बुडवायची, दोन-तीन व्होल्ट द्यायचे. कार्बन कम्युटेटरच्या गोलाईवर झरझर बसतात आणि पेल्यातलं पाणी हळूहळू काजळी मिसळल्यासारखं होतं. मग वाळवून, बुशांना थेंबभर तेल. विजेची वस्तू पाण्यात घालताना पहिल्यांदा माझा हात थरथरला होता. आता मी पेला बायकोच्या नजरेआड धुतो.

पण सीलाने झालेला खरा घोटाळा वेगळाच आहे, आणि तो चोरीचा नाही. एकाच खोक्यातून निघालेल्या दोन मोटरी कधीच सारख्या नसतात. कुठे मॅग्नेट उजवा, कुठे कार्बनचा दाब नेमका. उघडता येत होतं तोवर कमी पडलेली मोटर हाताने सुधारता यायची. ठिपका आला आणि हातांचं काम संपलं. राहिलं काय? निवडणं. म्हणजे डझनभर मोटरी विकत घ्यायच्या, एकेक टेबलावर चालवून फेरे आणि करंट मोजायचा, तांदळातले खडे काढावेत तशा अकरा बाजूला करायच्या आणि बारावी गाडीत घालायची. नियम एकही मोडला नाही. ज्याच्याकडे डझनाचे पैसे त्याच्याकडे चांगली मोटर. पोराटोरांना परवडावं म्हणून आणलेली गोष्ट फिरून पाकिटाशीच आली. मला विचाराल तर या पद्धतीपेक्षा जुना वाइंडिंगवाला बरा. त्याची निदान बोटं भाजायची.

यावर आमच्या क्लबाने काढलेला उपाय जुनाच आहे. मोठ्या शर्यतीच्या दिवशी मोटरी क्लबच्याच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या, प्रत्येकीवर ठिपका आणि नंबर. चिठ्ठी टाकून हाताला येईल ती घ्यायची, लावायची, शर्यत झाली की काढून परत. वाईट आली तर नशीब. त्या दिवशी हॉलमध्ये जेवढा हशा असतो तेवढा एरवी नसतो.

मोठ्या इंजिनांनाही हा जाच चुकलेला नाही. गो-कार्टच्या रोटॅक्स मॅक्स वर्गात इंजिनाला तारेने ओवलेलं नंबरी सील असतं आणि तो नंबर इंजिनाच्या कार्डात नोंदलेला. सील तुटलं तर अधिकृत माणसाकडे जाऊन पुन्हा लावून घ्यायचं. कोल्हापूरच्या ट्रॅकवर या वर्गाच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्या आहेत, तेव्हा तिथल्या पोरांना मी काय सांगणार. आणि सीलं फोडण्याचा तर लोकांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला आहे. अमेरिकेत आधी लॉस अलामॉसच्या आणि मग अरगॉनच्या प्रयोगशाळेत रॉजर जॉन्स्टन यांच्या गटाने वर्षानुवर्षं तऱ्हेतऱ्हेची सीलं खोलून, मागमूस न ठेवता परत बसवून दाखवली. प्लास्टिकची, धातूची, इलेक्ट्रॉनिक. एकटा माणूस, साधी हत्यारं, बऱ्याचदा काही मिनिटं. त्यांचं सांगणं असं की सील किती भारी यावर कमी आणि ते तपासणारा माणूस काय बघायचं हे किती जाणतो यावर जास्त अवलंबून असतं. आमच्या तपासनिसांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर मी भिंग कुणाला देत नाही."

आता माझी कर्मकथा.

गेल्या हिवाळ्यात शर्यतीच्या आधी माझ्या मोटरीची एक वायर सुटली. घाईत डाख लावायला घेतला. हॉलमध्ये थंडी, बोटं आखडलेली, चष्मा घरी. कथील वितळलं, वायर चिकटली, आणि हात मागे घेताना तापलेलं टोक जरासं घसरलं. जळक्या रंगाचा वास आधी आला. मग दिसलं. नारिंगी ठिपका मधोमध तपकिरी होऊन फुगला होता, आणि फुगवट्यावर केसाएवढी चीर.

मी तो तसाच टेबलावर नेला. न्यायलाच हवा होता, पण खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं खिशातल्या नारिंगी मार्करचा विचार मनात येऊन गेला. भिंग खाली झुकलं आणि नेहमीपेक्षा बराच वेळ वर आलं नाही.

"तू उघडली नाहीस," ते म्हणाले, "हे मला दिसतंय. कानांवर ओरखडा नाही. भाजलंय."

"हो ना."

"पण हे मी वहीत कसं लिहू?"

त्यांच्या वहीत रकाने दोनच आहेत. सील शाबूत, सील तुटलं. मी वाद घातला, मराठी माणसाने घालावा तेवढा. मनात कौटिल्य येत होता. अर्थशास्त्रात जकातीच्या नाक्यावरच्या मालाबद्दल तिघांना तीन वेगळ्या वागणुकी आहेत. मोहोरच नसेल तर जकातीच्या दुप्पट, मोहोर खोटी असेल तर आठपट, आणि मोहोर नुसती फुटलेली असेल तर व्यापाऱ्याला घटिकास्थानात उभं राहायला लावायचं. म्हणजे एवढ्या कडक माणसालाही फुटलेली आणि खोटी यांत फरक दिसत होता. वाटेत बैलगाड्यांचे धक्के काय असतात ते त्याला माहीत असणार. छापखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या तपासनिसांना हे इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुधरलं नाही. शिवाय माझ्या लक्षात आलं की त्यांनीही मला केलं ते तेच. ती संध्याकाळ मी घटिकास्थानात, म्हणजे तिसऱ्या वळणावर मार्शल म्हणून, लोकांच्या उडालेल्या गाड्या उचलून खाचेत ठेवत उभा होतो.

राग रविवारपर्यंत टिकला. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि ती मोटर उघडली. आता तिला अडवणारं काही नव्हतं. शर्यतीतून ती बादच होती. कान उचकटताना पत्रा कटकन बोलला, झाकण सैल झालं, आणि आर्मेचर मॅग्नेटांना चिकटत चिकटत बाहेर आलं.

खिडकीशी धरून बघितलं. कार्बन दोन बारीक पट्ट्यांच्या टोकांना असतात आणि त्या पट्ट्याच स्प्रिंगचं काम करतात. एका कार्बनचं तोंड सगळं गुळगुळीत, कम्युटेटरच्या गोलाईत बसलेलं. दुसऱ्याचा फक्त एक कोपरा चमकत होता. बाकीचा भाग पहिल्या दिवसासारखा खरखरीत. त्याची पट्टी मुळापाशी किंचित पिळलेली होती. कारखान्यातच बसवताना पिळली असणार. दोन हंगाम ही मोटर सव्वा कार्बनवर पळत होती, दोन हंगाम मी स्वतःच्या अंगठ्याला दोष देत होतो, आणि दोन हंगाम दर मंगळवारी भिंगातून बघून माझ्या या दोषावर "फाइन" म्हटलं जात होतं.

चिमट्याने पट्टी सरळ केली. कम्युटेटर पुसला. झाकण लावून कान दाबले. एक बसला, दुसरा दुमडताना मुळातून तुटला. तिथे चिकटपट्टी मारली. मग पाण्याचा पेला. मग 12 व्होल्ट. आवाज आधी भरडल्यासारखा यायचा, तो आता एका सुरात वर चढत गेला आणि वरच राहिला. अण्णा असते तर कान लावून म्हणाले असते, झालं, घेऊन जा साहेबांकडे.

मंगळवारी तशीच घेऊन गेलो. तपासनिसांच्या टेबलावर बॅटरीला लावून चालवली. त्यांनी भिंग काढून ठेवलं, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. बराच वेळ. मग बंद केली, उलटी करून चिकटपट्टी बघितली, आणि सवयीने दुसऱ्या हाताने नारिंगी पेन उचलून त्याचं टोपण काढलं. हात सांध्यापर्यंत गेला. तिथे थांबला. टोपण पुन्हा लागलं आणि मोटर माझ्या तळहातावर आली. अजून कोमट होती.